नाहीबाईच्या दोन नाती

त्या रस्त्यावर टॅटूचं दुकान एकच, आणि दुकानातली बाई गिऱ्हाइकाला जितक्या वेळा "बसा" म्हणते त्याच्या दुप्पट वेळा "नाही" म्हणते. म्हणून तिचं नाव पडलं नाहीबाई. समोरचा चष्मेवाला, जिन्याखाली बसून किल्ल्या करून देणारा, टपाल टाकायला येणारा, सगळे तिला तोंडावर नाहीबाई म्हणतात आणि ती ओ देते. वय छप्पन्न, आवाज खणखणीत, हात मात्र असा स्थिर की काम चालू असताना शेजारी कोणी पातेलं आपटलं तरी सुई हलायची नाही.

दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडं आणि पंखा. मागच्या खोलीत भिंतीला डोकं लावून ठेवलेलं लांब टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, शाईच्या बाटल्या आणि हातमोज्यांची खोकी. दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "अठरा वर्षांच्या आतल्यांना टॅटू काढून मिळणार नाही. कारणे सांगू नयेत."

आता पाटी इतकी स्पष्ट असताना माणसाने काय करावं? वाचावी आणि जिना उतरावा. पण नाही! आईबाप ती पाटी मोठ्याने वाचायचे, मान डोलवायचे आणि लगेच कारण सांगायला बसायचे.

एक बाप आला, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन. म्हणाला, "ह्याच्या छातीवर माझं नाव काढा."

"का? शाळेच्या दाखल्यावर नाहीये?"

"आहे की."

"मग छातीवर कशाला? कोणी परत करायला येणार आहे का तुम्हाला?"

एक आई आली, चार वर्षांच्या पोरीच्या गालावर तीळ काढून हवा म्हणून. गोड दिसेल म्हणे. नाहीबाई म्हणाली, "ती तिळाशिवाय गोड आहे. तुम्हालाच कमी वाटत असेल तर तुम्ही बसा, तुमच्या गालावर काढते." ती बाई जी तणतणत खाली उतरली ती किल्लीवाल्याला दोन शब्द सुनावूनच थांबली. त्या बिचाऱ्याचा काय संबंध?

कधी कधी कारण खरंच खरं असायचं. एका मुलाला शेंगदाण्याचा एक दाणा पोटात गेला तरी श्वास कोंडायचा. त्याची आई रडकुंडीला येऊन सांगत होती, "ॲलर्जी लिहिलेला मनगटातला पट्टा तो रोज हरवतो हो. हातावरच लिहून टाका ना." नाहीबाईने तिला पाणी दिलं, पट्ट्याला पोराला न उघडणारी कडी कुठे बसवून मिळते तो पत्ता दिला, आणि नाही म्हणाली. पोरगं हिरमुसलं, तर त्याच्या हातावर धुतलं की जाणाऱ्या पेनाने मासा काढून दिला. तेवढं ती करायची. मासा, मांजर, विमान, जे म्हणाल ते, फक्त आंघोळीत गेलं पाहिजे.

"अहो, पोर तुमचं आहे, कातडी त्याची आहे," हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणत असेल याचा हिशोब नाही. लोकांच्या डोक्यात काही शिरायचं नाही. "पुलाखालचा काढून देतो," असं ऐकवायचे. पुलाखालचा म्हणजे पुलाच्या कमानीत दुकान थाटून बसलेला एक इसम, जो पैसे दिले तर दुधाच्या बाटलीवरच्या पोरालाही टोचायला कमी करणार नाही, आणि ज्याच्या सुया कधी उकळतात हे त्यालाही ठाऊक नाही. त्याचं नाव निघालं की नाहीबाईचं डोकं सटकायचं.

तिच्या या 'नाही'ला कारण होतं, आणि ते तिच्या उजव्या दंडावर होतं.

ती चार वर्षांची असताना भारी भटकी होती. हात सुटला की निघालीच. दोनदा बाजारात हरवली. तिचा बाप कारखान्यात वेल्डिंग करायचा. त्याच्या एका दोस्ताला सुईदोऱ्याने टोचून नाव लिहिता यायचं. एका रविवारी दोघांनी मिळून पोरीला धरलं आणि तिच्या दंडावर टेलिफोन नंबर लिहिला. घरात फोन नव्हता, म्हणून खालच्या शिंप्याचा नंबर. बापाला वाटलं, चला, आता काळजी मिटली. आणि आठ महिन्यांत घर बदललं! शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. शिंप्याने दुकान बंद केलं, आणि त्याचा नंबर कोणा भलत्याच्याच घरी गेला.

नवव्या वर्षी ती खरोखर हरवली. पोलीस चौकीत बसवली. हवालदाराने दंडावरचा नंबर वाचला आणि फोन लावला. पलीकडे एक बहिरे आजोबा. "इथे मुलगी वगैरे नाही," म्हणाले आणि ठेवून दिला. हवालदाराने परत लावला. परत आजोबा. पोरगी कंठशोष करून सांगतेय, "हा आमचा नंबर नाही, आमचं घर टाकीच्या मागे आहे," तर हवालदार म्हणतो, "गप बस, नंबर काय खोटा लिहिलाय का?" तीन तास! तीन तास ते त्या म्हाताऱ्याला छळत बसले, पण पोरीला घेऊन टाकीच्या मागे जाऊन बघावं असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. शेवटी बापच शोधत आला. वर हवालदाराने त्यालाच झापलं, फोन का उचलत नाही म्हणून.

पुढे दंड भरला, वाढला, आणि आकडे पसरत गेले. आठाचा भोपळा झाला. एकोणिसाव्या वर्षी ती एका म्हाताऱ्या उस्तादाकडे गेली, म्हणाली हे झाकून द्या. उस्तादाने त्यावर मोठा मासा काढायला घेतला. तो इतका रखडत काम करत होता की तिने पडल्या पडल्या त्याला चार सूचना केल्या. उस्ताद चिडला आणि म्हणाला, "इतकं कळतं तर उद्यापासून येऊन कर." ती खरंच गेली. वीस वर्षं त्याच्या हाताखाली काढली, मग स्वतःचा परवाना घेतला. मधल्या काळात लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा मोठ्या आजारात गेला. मुलगी शिकली, बालवाडीत शिकवायला लागली, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका सरळमार्गी मुलाशी तिचं लग्न झालं. सगळं बरं चाललं होतं.

मग जुळ्या नाती झाल्या.

जुळ्या म्हणजे काय, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तेच नाक, तीच हनुवटी, जांभई द्यायची तऱ्हाही तीच. अकरा मिनिटांनी आधी आलेली ती थोरली, नंतरची धाकटी. दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की थोरलीच्या गळ्यातली एक ग्रंथी काम करत नाही. रोज सकाळी छोट्या गोळीचा तुकडा कुटून पाण्यातून द्यायचा. दिला तर पोर चारचौघींसारखी वाढेल. चुकला, आठवडेच्या आठवडे चुकला, तर मेंदूची वाढ खुंटते आणि ती मागाहून भरून येत नाही. धाकटी ठणठणीत. तिला गोळी गेली तर तिला अपाय.

झालं! घरात त्या दिवसापासून एकच घोष: थोरली कुठली? जावईबापूंनी भिंतीवर तक्ता लावला, लिफ्टच्या देखभालीचा असतो तसाच, तारीखवार खुणा करायला. पण तक्त्याला काय पोर ओळखता येते? दोघींना वेगळ्या रंगाची झबली घातली, तर विहीणबाईंनी, म्हणजे जावयाच्या आईने, झबलं ओलं झालं म्हणून जे हाताला लागेल ते चढवलं. पायात रिबीन बांधली, तर ती आवळून बोट सुजलं. शेवटी थोरलीच्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश लावायचं ठरलं. तेही चार दिवसांत उडायचं, कारण पोरगी पाय तोंडात घालायला शिकली होती.

पोरी दीड महिन्याच्या झाल्या असतील, लेक दुकानात आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले.

"आई, थोरलीच्या टाचेला एक ठिपका काढून दे."

नाहीबाई सुया मांडत होती. हात थांबला. "काय म्हणालीस?"

"एक ठिपका. खसखशीएवढा. कोणाला दिसणारही नाही."

"पाटी वाचलीस?"

"आई, मी गिऱ्हाईक नाही!"

"म्हणूनच साधं सांगतेय, नाहीतर ओरडले असते. तू सुद्धा? अगं, जन्मभर मी लोकांच्या पोरांना वाचवत आले, आणि माझ्याच नातीला टोचू? नेलपॉलिश लावता ना? लावा की रोज. इतका कसला आळस?"

"आळस?" लेकीचा आवाज चिरकला. "मी रात्री दोन तास झोपते. काल आंघोळीनंतर दोघींचे पाय कोरे होते. मी अर्धा तास बघत बसले की कुठली कुठली. आई असून मला कळेना. मग एकीच्या कानामागे दूध सुकलेलं दिसलं, त्यावरून ओळखलं. दुधावरून! एक दिवस ते दूध नसेल तर?"

"म्हणून कायमचं टोचायचं? मोठी झाल्यावर तिने विचारलं, मला का टोचलं, हिला का नाही, तर काय सांगशील? तू आजारी होतीस म्हणून शिक्का मारला?"

"जिवंत आणि शहाणी असेल तर विचारेल ना! विचारू दे की."

"परवाना जाईल माझा."

"परवान्याचं नको सांगूस. खरं सांग, तुझा तो मासा आड येतोय."

नाहीबाईला राग आला, कारण ते खरं होतं. "हो, येतोय," ती म्हणाली. "अंगावर एकदा लिहिलं की लोक माणसाकडे बघायचं सोडतात, लिहिलेलंच वाचत बसतात. मला माहीत आहे. नाही म्हणजे नाही."

लेक उठली. "ठीक आहे," एवढंच म्हणून जिना उतरली. चार दिवस फोन नाही. नाहीबाई स्वतःशीच बडबडत राहिली, हल्लीच्या आयांना सगळं आयतं पाहिजे, आमच्या वेळी काय होतं, वगैरे वगैरे. आमच्या वेळी काय होतं हे तिच्या दंडावरच होतं, पण राग आल्यावर माणूस कुठे एवढं धरून बोलतो?

पुढे पाणी वाहून गेलं, बोलणं सुरू झालं. पोरी तीन महिन्यांच्या झाल्या. एका मंगळवारी विहीणबाई दात काढायला गेल्या होत्या, जावई कामावर, लेकीच्या बालवाडीत वरिष्ठ तपासणीला येणार होते. लेकीने दोघी नाती दुकानातच आणल्या. टेबलावर दुलई अंथरली, भिंतीकडे डोकी करून दोघींना शेजारी शेजारी निजवलं, आणि टेबलाच्या पायथ्याशी उभी राहून भराभरा सांगितलं, "गोळी सकाळी दिलीय. दूध पिशवीत आहे. थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे. थोरलीचा रंग उडत आलाय, जमलं तर काढून नवा लाव. रंगाच्या बाटल्याही पिशवीत आहेत. चार वाजता येते."

"जा गं तू. पोरी काय पहिल्यांदा सांभाळतेय?"

छत्तीस वर्षांच्या सवयीचा हात. रंग लावायचा म्हणजे आधी कातडी स्वच्छ. नाहीबाईने कापसाने थोरलीच्या नखावरचे उरलेसुरले लाल कण काढले. मग साबणाच्या पाण्याने दोघींचीही पावलं पुसली, एकीची पुसली तर दुसरीने काय पाप केलंय? दोघी चकचकीत. आता बाटली उघडणार, तेवढ्यात दाराची घंटा.

दारात नवराबायको, मध्ये पाच वर्षांची मुलगी. नवऱ्याने पाटी वाचली, मान डोलावली, आणि म्हणाला, "आमचं कारण जरा वेगळं आहे. ही फार भटकते हो. हिच्या दंडावर माझा मोबाईल नंबर काढायचाय."

बास! नाहीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोबाईल बदलणार नाही याची लेखी हमी देता? घर? बायको?" ती सुरू झाली ती थांबेना. नवरा म्हणे, पोर आमचं आहे. ही म्हणे, मग सांभाळा की, हात धरायला काय होतं? बायको म्हणे, तुम्हाला काय कळणार आईची काळजी. ही बाही वर करून मासा दाखवून, माशाच्या पोटातले आकडे दाखवून बोलत राहिली. चष्मेवाला बाहेर येऊन उभा राहिला. शेवटी नवरा म्हणाला, "पुलाखालचा बरा!" आणि तिघं खाली गेले. ती भटकी पोर तेवढी मागे वळून माशाकडे बघत होती.

नाहीबाई धुसफुसत आत आली. ओठ अजून चालू होते. दोन्ही नाती टेबलावर पाय नाचवत होत्या, आठ कोरे पंजे असल्यासारखी गडबड नुसती. थोरली कुठली? लेक काय म्हणाली होती? डावीकडची. तिने डावीकडच्या पोरीच्या अंगठ्याला सुबक लाल रंग लावला, फुंकर मारून वाळवला, आणि उरलेला राग चहात घालून पिऊन टाकला. चारला लेक आली, लाल अंगठा बघितला, म्हणाली, "वा, किती छान लावलास." पोरी घरी गेल्या.

त्यानंतर घरात सगळं फार छान चाललं, निदान तसं वाटलं. तक्त्यावर रोज खूण पडत होती. धाकटी अचानक शहाणी झाली. रडत नव्हती, दूध पिता पिता झोपायची. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, गुणाची आहे." थोरली मात्र रडून घर डोक्यावर घ्यायची, रात्रभर जागी, अंगाला घाम, वजन तसूभर वाढेना. सगळे म्हणाले, आजारी पोर, किरकिर करणारच. तिला जास्त वेळ कडेवर घेतलं आणि गोळी अगदी वेळेवर दिली.

महिन्याची तपासणी आली. थोरलीचं रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी भुवया चढवल्या. "गोळी जास्त होतेय. दुप्पट देता का?" जावई म्हणाला, "छे हो, तक्ता आहे आमच्याकडे." त्यांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "दुसरीलाही आणा. आजच."

संध्याकाळपर्यंत सगळं घर दवाखान्याच्या बाकावर. नर्सने दोघींच्या पायांना कागदी पट्टे बांधले, एकीला एक नंबर, दुसरीला दोन. रक्त घेतलं. तास दीड तासाने डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"लाल अंगठ्याची मुलगी धाकटी आहे," त्या म्हणाल्या. "थोरली ही दुसरी. हिला साधारण दहा-बारा दिवस गोळी मिळालेली नाही, आणि ती त्या दुसरीला गेलीय."

सगळे एकदम बोलायला लागले. लेकीने विचारलं, मेंदूला काही झालं असेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता पकडलं म्हणून बहुतेक निभावेल. बहुतेक म्हणतेय. असं परत झालं तर मी काही सांगू शकणार नाही." धाकटीच्या हृदयाचे ठोके चार-पाच दिवसांत जागेवर येतील असंही त्यांनी सांगितलं.

त्या आत गेल्या आणि बाकावर पंचनामा सुरू झाला. विहीणबाई म्हणाल्या, "आंघोळीत मी नाही हो बदललं, मी एकीला पुसून दुसरीला घेते." जावई म्हणाला, "तक्ता बरोबर आहे." कोणी विचारलं होतं त्याच्या तक्त्याला? लेक नुसती रडत होती. "बारा दिवस," ती म्हणत होती, "बारा दिवस मी अंगठा बघून पोर ओळखली. तोंड बघितलंच नाही. ती माझ्या मांडीवर झोपत होती, मला वाटलं किती शहाणी. कसली आई मी!"

नाहीबाई कोपऱ्यात बसून बोटांवर दिवस मागे मोजत होती. आज रविवार. बारा दिवस मागे मंगळवार. दात काढायला गेलेल्या विहीणबाई. दारातली घंटा. आणि टेबल.

त्या दिवशी लेक टेबलाच्या पायथ्याशी उभी होती. तिने आपल्या डाव्या हाताची पोर दाखवून डावीकडे म्हटलं होतं. पण ह्या धंद्यात डावं-उजवं करणाऱ्याचं नसतं, टेबलावर निजलेल्याचं असतं. गिऱ्हाईक "डाव्या खांद्यावर" म्हणालं की त्याचा डावा. उस्तादाने पहिल्याच दिवशी टपली मारून शिकवलं होतं. छत्तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती, आणि त्या मंगळवारीही चुकली नव्हती. पोरींच्या डावीकडे होती ती धाकटी. शिवाय जुना रंग तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. कुणाच्या अंगठ्यावरून पुसला हे आठवायला एक क्षण पुरला असता, पण त्या क्षणी बाई परक्यांच्या पोरीला वाचवण्यात गुंतली होती.

गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. विहीणबाईंच्या आंघोळीवर सगळं गेलं असतं. त्या बिचाऱ्या तर अर्ध्या कबूल होतच आल्या होत्या.

"मी बदललं," नाहीबाई म्हणाली.

लेकीने वर पाहिलं.

"तू डावीकडे म्हणालीस. मी टेबलाची डावी धरली. दुकानात धरतो तशी. रंग मीच पुसला होता, आणि मग दारात भांडायला गेले. आल्यावर धाकटीला लावला. मी केलंय हे. कोणी दुसऱ्याने नाही."

नाहीबाईला वाटलं, ओरड बाई, काहीतरी ओरड. पण ती ओरडली नाही. तिने थोरलीला उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "हिच्या पायात पट्टा आहे तोवर आपण पुलाखाली जाऊन येऊ. तो नाही म्हणणार नाही."

"नको!" नाहीबाई उठलीच. "त्याच्याकडे नको. अगं, त्याच्या सुया... तीन महिन्यांचं पोर ते! पिकेल, ताप येईल. मी देते. मी काढते ठिपका. आत्ता काढते. पाया पडते तुझ्या, तिकडे नेऊ नकोस."

बापजन्मात कोणाला वाटलं नसतं की नाहीबाई एका तान्ह्या पोराला टोचू द्या म्हणून हात जोडेल. जोडले. दवाखान्याच्या त्या पिवळ्या उजेडात, नर्स बघतेय, जावई बघतोय, आणि ही स्वतःच्या लेकीची वाट अडवून उभी.

"तुझ्यावर आता कसा विश्वास ठेवू?" लेक म्हणाली.

"नको ठेवू. तू समोर उभी राहा. पट्टा वाच. पेनाने तू खूण कर. मी फक्त त्या खुणेवर सुई ठेवते. परवाना गेला तर गेला."

लेक म्हणाली, "डोकं चालवायचं नाही. मी बोट ठेवीन तिथेच."

"नाही चालवत."

थेट दुकानात गेले. विहीणबाई धाकटीला घेऊन पुढच्या बाकड्यावर बसल्या, आत फक्त मायलेकी आणि थोरली. नाहीबाईने हात तीनदा धुतले, नवी सुई फोडली. लेकीने पट्टा वाचला, मग नवऱ्याला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला, मग टाचेच्या आतल्या बाजूला पेनाने टिंब केलं. आणि दिव्याखाली नाहीबाईचा हात थरथरायला लागला. तिला वाटलं थांबेल. थांबेना. तिने सुई खाली ठेवली, मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं, पुन्हा उचलली. लेकीने एक शब्द बोलून धीर दिला नाही आणि घाईही केली नाही. ती पोरीचा पाय धरून उभी होती.

तीन टोच. चौथीची गरज पडली नाही. थोरली आधी दचकली, मग अशी किंचाळली की चष्मेवाल्याने दुकानाचं दार उघडून वर बघितलं. बारा दिवसांत तिने पहिल्यांदा असा आवाज काढला होता. नाहीबाईने मलम लावलं, पट्टी चिकटवली आणि खुर्चीत बसून ती स्वतःच रडायला लागली, मोठ्याने, लाज सोडून.

लेकीने थोरलीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. पोर हुंदके देत शांत झाली. मग लेक म्हणाली, "मोठी होऊन विचारेल, हे काय आहे. काय सांगू?"

नाहीबाईकडे एरवी कुठल्याही प्रश्नाला चार उत्तरं तयार असायची. ती नाक पुसत म्हणाली, "सांग, चुकली आजी, आणि टोचलं तुला."

लेक पुढच्या खोलीत गेली, विहीणबाईंकडून धाकटीला घेतलं, परत येऊन आईच्या मांडीवर ठेवलं आणि टेबल आवरायला लागली. नाहीबाईने पोरीच्या छातीवर तळवा टेकवला. ठोके अजून भराभर पडत होते.